मध्ये बोलायचं नाही

माणसांची दुखणी ऐकायची नोकरी ताईंना मिळाली, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त हसल्या त्या सासूबाई. कारण ताई म्हणजे डोळे उघडल्यापासून सुरू. दूधवाल्याशी बोलायच्या, भांड्यांशी बोलायच्या, न उघडणाऱ्या कुलपाचीही समजूत काढायच्या. “ही ऐकणार? मग बोलणार कोण?” असं सासूबाई म्हणाल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

समुपदेशनाच्या कामात मात्र देवाने त्यांच्या हाताला यश दिलेलं. केंद्रातल्या जिन्याजवळच्या लहानशा खोलीत रडत आलेली माणसं चेहरा पुसून बाहेर पडायची. अडला तो एक वायरमन. त्याचा जोडीदार कामावर शिडीवरून पडून दगावला आणि तेव्हापासून खांबावर चढलं की याचे हात कापायचे. विजेच्या तारांशी गाठ. हात कापून कसं चालेल? बायकोने ओढून आणलं म्हणून यायचा आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसायचा.

“पुढच्या बुधवारी शेवटचं, ताई,” त्याने सांगून टाकलं. “साहेबांनी कामावर बोलावलंय.”

ताईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. हा असाच खांबावर चढला तर?

केंद्रात नुकताच एआयचा एक प्रोग्राम आला होता. समोरच्याची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करायचा, टिपणं काढायचा, विचारलं तर काय दिसलं तेही सांगायचा. ताईंनी त्याला टिपणांपलीकडे कधी काही विचारलं नव्हतं. यंत्राला माणसाचं काय कळणार, हे त्यांचं ठरलेलं. आता मात्र पदर खोचून संगणकासमोर बसल्या आणि लिहिलं, ‘हा माणूस बोलत का नाही?’

उत्तर आलं: ‘ते बोलायला लागतात. प्रत्येक भेटीत त्यांनी “त्या दिवशी” अशी सुरुवात केली आहे. प्रत्येक वेळी वाक्य पुरं होण्याआधी तुम्ही “तुमचा काही दोष नाही” असं म्हणालात. त्यांना पुढे काय सांगायचं होतं, ते मला माहीत नाही.’

झोंबलंच. ताईंनी रेकॉर्डिंग लावून स्वतःचा आवाज ऐकला. मायेचा होता, आणि दर वेळी त्या बिचाऱ्याचं तोंड बंद करत होता.

ठरलं. कोणाचंही वाक्य तोडायचं नाही. सराव घरापासून. जेवताना सासूबाईंनी गुडघ्याचं काढलं. ताई ऐकत राहिल्या. गुडघा झाला, कंबर झाली, शेजारणीची सून झाली. शेवटी सासूबाईंनी घास खाली ठेवला.

“काय गं, मी काही लागेलसं बोलले का? की घसा बसलाय?”

“ऐकतेय, आई.”

कारण कळलं तेव्हा म्हातारी हसली नाही. “मी रोज देवासमोर बसून एवढं बोलते,” ती म्हणाली. “त्याने मध्ये तोंड घातलं असतं, तर मी तरी कशाला गेले असते?”

बुधवारी वायरमन आला. “त्या दिवशी...” म्हणाला आणि सवयीने थांबला. आता ताई बोलणार. शब्द ओठांवर आलेही होते. ताईंनी दातांखाली जीभ धरली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पंखा कुरकुरत राहिला. बाहेर कोणीतरी खुर्ची सरकवली. ताई त्याच्याकडे बघत बसून राहिल्या.

“शिडी मी धरली होती,” तो म्हणाला. “मुलीचा फोन आला. घ्यायला गेलो आणि हात सुटला.” मग पुढे म्हणाला, “बायकोला ठाऊक नाही. मुलीला कळलं तर ती जन्मात मला फोन करायची नाही.”

आता ‘तुमचा दोष नाही’ म्हणणं म्हणजे त्याला परत एकटं टाकणं. ताई म्हणाल्या नाहीत. तो हमसून रडला, आणि रडून झाल्यावर पहिल्यांदाच पाठ टेकून बसला.

“आज तुम्ही काहीच बोलला नाहीत, ताई.”

“तुमचं सांगून झालं?”

“नाही. जोडीदाराच्या बायकोचं राहिलंय. तिला तोंड कसं दाखवू, ते.”

“मग पुढच्या बुधवारी या. आणि साहेबांना सांगा, खांबावर इतक्यात चढत नाही.”

“तसं लिहून द्याल?”

ताईंनी पेन उचललं.