कतारच्या किनाऱ्यावरचे बेपत्ता पिंजरे

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. महाराष्ट्र पोलीस दलातून निवृत्त झाल्यावर मी कतारच्या उत्तर टोकाला, एका मच्छीमार गावातल्या शाळेत सुरक्षा प्रमुख होतो.

एका सकाळी गावातला म्हातारा नोखदा, म्हणजे बोटीचा तांडेल, गुहागरकडच्या आपल्या खलाशाला दंडाला धरून शाळेच्या फाटकावर आला. मासे धरायचे त्याचे तारेचे वीस पिंजरे समुद्रातून गायब होते. चोरांना दिसू नये म्हणून तो पिंजऱ्यांना तरंगती खूण बांधत नसे. जागा फक्त या दोघांना ठाऊक.

"तू पोलीसवाला. तुमच्या भाषेत विचार," नोखदा मोडक्या हिंदीत म्हणाला. "कबूल नाही झाला तर उद्या तक्रार. खलास, गावाला परत."

मी खलाशाच्या खोलीची झडती घेतली. पेटी सर्वांसमोर उपसली. काही मिळालं नाही. मग ठाण्यातल्या सवयीने एकच प्रश्न तीनदा विचारला.

तो उसळला. "दोघांलाच जागा ठाव, म्हणून मीच चोर काय? मग नोखदाला पण बसवा की हितं!"

"जागा शोधता कशी, ते सांग."

"मशिदीचा मिनार आन् तुमच्या शाळेची टाकी. मिनाराच्या पाठी टाकी लपली की बोट थांबवायची, दोरानं वाव मोजून खोली बघायची, पिंजरा अडकवायला लोखंडी गळ सोडायचा. आमच्याकडं डोंगर नि देऊळ धरतात, तसंच."

मी ताडकन उठलो. त्याच आठवड्यात गच्ची गळते म्हणून टाकी क्रेनने दुसऱ्या टोकाला हलवली होती. फाटकावरच्या वहीत क्रेनची नोंद माझ्याच अक्षरात होती. पिंजरे टाकले ते टाकी हलवण्याआधी, शोधले ते हलवल्यानंतर.

टाकीच्या जुन्या जागी उंच बांबूला लाल कापड बांधलं आणि आम्ही तिघे बोटीने निघालो. कापड मिनारामागे गेलं. खलाशाने गळ फिरवला, दोर ताणला आणि पहिला पिंजरा वर आला. आत हामूर मासे तडफडत होते.

नोखदाने खलाशाचं डोकं दोन्ही हातांनी धरून कपाळाचं चुंबन घेतलं. मग माझ्याकडे वळला.

"यल्ला, तू पण माफी माग. पेटी तू उघडलीस."

मी मागितली. "असू दे साहेब," एवढंच तो म्हणाला आणि दुसऱ्या पिंजऱ्याच्या मागे लागला.

आधी घटनास्थळाचा पंचनामा, मग माणूस, असं मी आयुष्यभर शिपायांना शिकवलं. इथे मात्र जागा न पाहताच गरिबाची पेटी उघडली, कारण तिला हात घालताना कोणी अडवत नाही. नोकरीत अशा किती उघडल्या असतील? त्यांच्या मालकांची माफी मागायला आता कुठे जाऊ?