धोतरावरची पाखरं

आमच्या कॉलनीत माझा सत्कार झाला. तोही गणपतीच्या मांडवात, शाल-श्रीफळ देऊन, आणि कशासाठी, तर जे काम मी उभ्या जन्मात केलं नाही त्यासाठी. दुसरं कुणी असतं तर अवघडून हसलं असतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती अजून पुरती उतरलेली नाही.

आधीपासून सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघून घरी आले, तर मोरीच्या भिंतीवर एक पाखरू बसलेलं. दिव्यावर येणारी असली पाखरं मी जन्मभर झाडूनं हाकलत आले होते. माझ्या लेखी ती सगळी मातकट. याच्या पंखांवर मात्र राखाडी छटा होती, शेवाळी होती, आणि कडेला लुगड्याच्या काठासारखी गुलाबी रेघ होती. ती मला स्वच्छ दिसत होती. मी मोरीत उभी राहून रडले, हे आमच्या घरात अजून कुणाला माहीत नाही.

तेव्हापासून श्रावण-भाद्रपदात दिवेलागणीला मी परसबागेतल्या दोरीवर सासऱ्यांचं जुनं धोतर पसरते, त्याच्यापुढे एक बल्ब लावते आणि घरात निघून जाते. उजाडताना, दयाळ पक्षी न्याहारीला यायच्या आत, धोतरावर कोण कोण येऊन बसलंय ते बघते. मोबाइलवर फोटो काढते, कुठल्या महिन्यात कोण आलं ते लिहून ठेवते. एवढंच माझं काम. कुणाला त्रास नाही, आवाज नाही, वास नाही. लाइटबिल आम्ही भरतो.

यांची लॅटिन नावं मोबाइलवर सापडतात, पण ती माझ्या तोंडात बसत नाहीत. आपल्या लोकांना विचारावं तर उत्तर एकच, किडा. ज्या मुलखात भरताचं वांगं कुठल्या गावचं चांगलं यावरून दोन शहाणी माणसं महिनाभर अबोला धरतात, तिथे धोतरावरच्या एवढ्या जिवांना मिळून एकच नाव असावं, याचा मला संताप येतो. म्हणून मीच नावं ठेवली. तूरडाळ, वाळकं पान, जरीकाठी. मिशा फेंदारून बसतो तो फौजदार. आणि आमच्या कण्हेरीवर वाढलेल्या जाड्या अळीचा जो हिरवागार, विमानासारखा पतंग होतो, तो राजे. राजे वर्षातून एखाद्या वेळीच येत. आले की माझा दिवस सणाचा.

शेजारी नाना राहतात. मूळचे चोपड्याकडचे, सगळी हयात कपाशीत गेलेली, आता इथे मुलाकडे असतात. सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून ते माझा उद्योग बघत आणि प्रत्येक पाखराबद्दल विचारत, "हाऊ मित्र का शत्रू, अक्का?" शेतीच्या हिशोबात किडे दोनच. पीक खातो तो शत्रू, शत्रूला खातो तो मित्र. तिसरा खाना नाही. मी म्हणायचे, "नाना, हा मित्र नाही न् शत्रूही नाही. शेजारी आहे." यावर ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत, की जणू बिचारीला उन्हात फार काळ ठेवलं असावं.

यंदा भाद्रपदात गणपती बसल्यावर दोन-तीन दिवसांनी मी पहाटे मागचं दार उघडलं. धोतर दोरीवर होतं, बल्ब चालू होता, आणि बल्बच्या बरोबर खाली एक घमेलं ठेवलेलं होतं. साबणाचं पाणी भरलेलं. त्या पाण्यावर पंखांची साय धरली होती. फौजदार होते, जरीकाठ्या होत्या, पुष्कळ तूरडाळ होती. मधोमध राजे आडवे पडले होते, आणि त्यांचा एक पाय अजून हलत होता. मी त्यांना ओंजळीत घेतलं. पंखांवरचा सगळा हिरवा रंग माझ्या हाताला लागला.

"बठ्ठा मरी गयात ना?" सगळी मेली ना, असं विचारत भिंतीपलीकडून नानांचा प्रसन्न आवाज आला. शेतात बोंडअळीचे पतंग मारायला असाच दिवा लावतात आणि खाली असंच पाणी ठेवतात. अक्कांनी दिवा लावलाय, पण पाणी ठेवायचं त्यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही, असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी मी आरतीला गेले तेव्हा त्यांनी मागच्या फाटकातून येऊन माझं अर्धवट काम पूर्ण केलं.

माझं माहेर धुळ्याकडचं. रागात माझी अहिराणी बाहेर येते. "कोनी सांगं व्हतं तुमले?" मी ओरडले. नाना चपापले. मग समजुतीनं म्हणाले, "सांगाले काय लागस, अक्का? शेजारधर्म शे." आमचे हे भुसावळला रेल्वेत होते, त्यामुळे कुठल्याही अपघातानंतर शांत राहायची त्यांना सवय आहे. ते म्हणाले, "जाऊ दे ना, चांगल्या मनानं केलंय." या चांगल्या मनाचाच मला वीट आला आहे. वाईट मनाच्या माणसाला निदान फाटकाला कुलूप लावून अडवता येतं. चांगलं मन साबणाचं पाणी घेऊन कुठूनही आत शिरतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण नानांच्या मुलानं त्या घमेल्याचा फोटो कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, अक्कांचा स्वस्त आणि मस्त उपाय. झालं! अंगठे, टाळ्या, फुलं. पावसाळ्यात डासांनी सगळे हैराण होतेच. दोन दिवसांत घरोघरी व्हरांड्यातल्या दिव्याखाली घमेली, पातेली, जुन्या बादल्या मांडल्या गेल्या. डास असल्या दिव्याला भीक घालत नाहीत. ते तुंबलेल्या गटारात सुखानं वाढत होते, आणि त्या गटाराकडे बघायला कुणाला सवड नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. मी ग्रुपवर लिहिलं, ही पाखरं चावत नाहीत, कृपा करून मारू नका. त्यालाही अंगठे आले. माझ्या खाली लगेच कुणीतरी आपल्या बादलीचा फोटो टाकला.

आणि मग सत्कार. मला वाटलं, कॉलनीतल्या सगळ्याच ज्येष्ठांना नारळ देतायत, म्हणून गेले. मंडळाच्या अध्यक्षांनी माईक घेतला. "आपल्या अक्कांनी कीडमुक्त कॉलनीचं जे व्रत घेतलंय," असं ते म्हणाले, आणि टाळ्यांच्या गजरात माझ्या खांद्यावर शाल पडली. मी माईक मागून घेतला. म्हटलं, "मी आजवर एक पाखरू मारलेलं नाही. मी त्यांना बघते. तुम्ही ठेवलेलं पाणी आज घरी गेल्याबरोबर ओतून टाका."

कुठेतरी कुणी हसलं. अध्यक्षांनी सांभाळून घेण्याच्या सुरात विचारलं, "पण अक्का, नुसतं बघून उपयोग काय?"

हा प्रश्न मी इतक्या वर्षांत इतक्या तोंडून ऐकलाय, की त्या दिवशी माझी गाडी रुळावरून घसरली. "अध्यक्षसाहेब," मी माईकमध्येच म्हटलं, "तुमचा तरी काय उपयोग?"

पोरं शिट्ट्या मारायला लागली. ह्यांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी हसून आरतीची घोषणा केली, आणि दुसऱ्या दिवशी घमेली जिथल्या तिथे होती. मला मात्र बायका जपून हाक मारू लागल्या.

विसर्जन झालं. ढोल थांबले. मी पुन्हा धोतर टांगलं, बल्ब लावला, फाटकाला कुलूप घातलं. पहाटे गेले, तर धोतर कोरं. म्हटलं, वारा असेल. दुसऱ्या दिवशीही कोरं. पुढचे कितीतरी दिवस रोज पहाटे मी त्या पांढऱ्या कापडासमोर उभी राहत होते आणि तेच बघत होते. घमेल्यांनी झालं, की मागाहून कॉलनीनं डासांसाठी मागवलेल्या फवारणीनं, की पाऊस ओढ धरून बसला होता म्हणून, ते मला ठरवता येणार नाही. दयाळ यायचा, दोरीवर बसून वाट बघायचा, उडून जायचा.

एका सकाळी नाना भिंतीपाशी थांबले नाहीत. फाटक वाजवून, मी उघडल्यावर आत आले. धोतराच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी बघितलं. मग त्याचं टोक उचलून मागची बाजू बघितली, आणि कण्हेरीखालीही वाकून बघितलं.

"एक बी नही ऱ्हायना," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. "मी ते घमेलं त्याच दिनले उचली लिधं व्हतं, अक्का." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पुढला साल येतीन ना?"

इतके दिवस मी प्रत्येकाला तोंडावर उत्तर दिलं होतं. नानांसाठी तर सगळ्यात तिखट काहीतरी राखून ठेवलेलं होतं. मी नुसता बल्ब बंद केला. बोलले असते तर रडले असते, आणि त्या गृहस्थासमोर रडायची माझी मुळीच इच्छा नव्हती.