सात घरांची शेगडी

मेटा डुब्रो इस्त्री करायची. आमच्या बेर्नाउअर रस्त्याच्या दक्षिणेकडच्या रांगेत, तळमजल्यावर, पुढच्या खोलीत तिचं दुकान आणि मागे तिचं घर. रुंद खांदे, लालसर मनगटं, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याला भाजल्याचा जुना, गुळगुळीत डाग. गरम इस्त्रीजवळ गाल नेऊन ती उष्णता जोखायची, आणि माझ्या आठवणीत तरी तिने एकाही चादरीला डाग पाडला नाही. ती गेली त्याला आता चाळीस वर्षं होतील. पुढे शहर तोडणारी भिंत तिच्याच रांगेतून गेली आणि तिच्या खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या, ते पाहायला ती नव्हती. बरंच झालं.

युद्ध संपल्यावर शहराचे चार भाग झाले तेव्हा आमच्या रस्त्याची वाटणी मोठी चमत्कारिक झाली. उत्तरेकडची घरं फ्रेंचांकडे गेली, दक्षिणेकडची रशियनांकडे, आणि दक्षिणेकडच्या घरांपुढची फुटपाथची फरशीसुद्धा फ्रेंचांच्याच वाट्याला आली. म्हणजे मेटामावशी उंबऱ्याच्या आत रशियन आणि पायरी उतरली की फ्रेंच. "मी रोज सकाळी झाडू मारायला परदेशी जाते," असं ती म्हणायची.

मी समोर, उत्तरेच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मुलांच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते.

ते चार देश एकमेकांपासून फाटत चालले आहेत, हे मेटामावशीला वर्तमानपत्रांच्या आधी कळलं होतं. सुरुवातीला चारही सैन्यांची एक सामाईक कचेरी होती. तिथले दुभाषे आणि कारकून आपले शर्ट तिच्याकडेच पाठवायचे, आणि मागच्या अंगणात सगळे एकाच दोरीवर वाळायचे. सत्तेचाळीसच्या वसंतात एक रशियन शिपाई येऊन सांगून गेला, आमचे शर्ट त्यांच्या शर्टांशेजारी नकोत. आठवड्याने अमेरिकनांचा माणूस तेच सांगून गेला. तिने दुसरी दोरी बांधली. मला म्हणाली, "गेर्डा, दोन वर्षांपूर्वी हे गळ्यात गळे घालून फोटो काढत होते. आता बाह्यांना बाह्या लागलेल्या चालत नाहीत. हे लक्षण चांगलं नाही बरं का."

पुढच्या वर्षी जूनमध्ये रशियनांनी आमच्याकडे येणारे रस्ते, रूळ, कालवे, सगळं बंद केलं. वीजही तोडली. त्याच महिन्यात माझी रोझविथा जन्मली, दिवस भरायच्या पाच आठवडे आधी.

अमेरिकनांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या विमानांनी पीठ यायचं, कोळसा यायचा, वाळवलेल्या बटाट्याची भुकटी यायची. पण वीज दिवसातून दोनदा, दोन-दोन तास, आणि कोळसा अख्ख्या हिवाळ्याला घरटी दोन बादल्या. रोझविथाची छाती पहिल्यापासून नाजूक. ऑक्टोबरात ती रात्रंदिवस खोकायला लागली. डॉक्टर म्हणाले, "हिला उबदार खोली हवी आणि दर चार तासांनी कोमट दूध. तेवढं जमलं तर हिवाळा काढेल." न जमलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एक वाट होती. रशियन भागात जाऊन रेशनकार्डावर नाव घालायचं. तिकडे कोळसा मिळायचा, ताजं दूध मिळायचं. आमच्यातली फार थोडी माणसं ते करायची, आणि जे करायचे त्यांच्याशी जिन्यात कोणी बोलायचं नाही. माझा नवरा कोनराड तेव्हा टेगेलला नव्या धावपट्टीसाठी विटांचा चुरा फावड्याने पसरत होता. मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "मी तिथे त्यांची विमानं उतरावीत म्हणून घाम गाळायचा आणि तू रशियनांकडे जाऊन सही करायची?" मग त्याने पाळण्याकडे पाहिलं. म्हणाला, "कर. तुला वाटत असेल तर कर."

दुसऱ्या दिवशी मी निघालेच होते. मेटामावशी आपल्या पायरीवर उभी होती.

"कुठे निघालीस, इतकं तोंड पाडून?"

मी सांगितलं.

"एकदा यादीत नाव गेलं की ते नाव त्यांचं होतं, पोरी. उद्या सभेला बोलावतील, परवा दुसऱ्याचं नाव विचारतील." तिने हात पुसले. "माझी शेगडी सकाळी सहाला पेटते आणि संध्याकाळी सहाला विझते. इस्त्र्या तापवायच्या तर पेटवावीच लागते. पोरगी दिवसभर इथे राहील. तू शाळेत जा."

"आणि तुला कोणी काही म्हणालं तर?"

"म्हणू देत. मला एका कानाने कमी ऐकू येतं. कुठल्या, ते मी ठरवते."

अशी माझी मुलगी रोज सकाळी रस्ता ओलांडून रशियन भागात जायला लागली. चादरींच्या मोठ्या वेताच्या टोपलीत ती झोपायची, शेगडीपासून दोन हातांवर. पंधरा दिवसांत खोकला उतरला.

मग आमच्या बाजूच्या बायका हळूहळू आपली भांडी आणायला लागल्या. तेव्हा घरोघरी गवताची पेटी असायची. भांड्याला एकदा उकळी आणायची आणि गवतात, जुन्या रजईत गच्च बसवून ठेवायचं. तीन तासांत आपोआप शिजतं. अडचण फक्त त्या पहिल्या उकळीची होती. ती मेटामावशीच्या शेगडीवर मिळायला लागली. सात घरं, सात भांडी. ओळखायला प्रत्येकाच्या कानाला वेगळ्या रंगाची चिंधी. माझी निळी, आमच्या वरच्या मजल्यावरच्या कोझांकेबाईंची लाल. आठवं भांडं खळीचं, मेटामावशीचं, बिनचिंधीचं.

कोझांकेबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यांत धारदार जीभ. त्या यायच्या, भांडं ठेवायच्या आणि खुर्चीत बसून इस्त्रीतल्या चुका काढायच्या.

"मेटा, या कॉलरीला सुरकुती आहे गं."

"ती कॉलर नाही, तुझं प्रतिबिंब आहे. चष्मा पूस."

डिसेंबरात एका शनिवारी लाल चिंधी सुटून शेगडीत पडली आणि जळून गेली. कोणाच्या लक्षात आलं नाही. बटाट्याची भुकटी पाण्यात कालवली की कशी दिसते, ते आमच्या पिढीला सांगायला नको. थेट खळीसारखी. मेटामावशीने कोझांकेबाईंच्या सूपात बारा कॉलरी बुडवल्या, पिळल्या, कडक इस्त्री केल्या. कोझांकेबाई खळ घेऊन घरी गेल्या, मीठ घातलं, गवताच्या पेटीत ठेवली आणि रात्री नवऱ्याला वाढली. तो म्हणे दोन वाट्या प्यायला आणि म्हणाला, "कित्येक महिन्यांनी आज पोट भरल्यासारखं वाटतंय."

हसण्यासारखंच होतं, पण त्या कॉलरी वुल्को नावाच्या माणसाच्या होत्या. वुल्को रशियन भागातल्या कचेरीत होता आणि धंद्यासाठी लागणाऱ्या कोळशाच्या चिठ्ठ्यांवर शिक्का तोच मारायचा.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी रोझविथाला न्यायला गेले तेव्हा तो दुकानात उभा होता. बारीक अंगाचा, थकल्या डोळ्यांचा माणूस. त्याने टेबलावर एक कॉलर ठेवली.

"काल सभेत मी पहिल्या रांगेत होतो, डुब्रोबाई. खोली तापली. माझ्या गळ्याला कांद्याचा वास यायला लागला. शेजारचे लोक वळून बघत होते."

"माफ करा, वुल्कोसाहेब."

"साहेब गेले आता. कॉम्रेड म्हणा."

"म्हणते. पण शर्ट अजून साहेबांचेच येतात, म्हणून तोंडात बसलंय."

तो हसला नाही. शेगडीवरची भांडी त्याने मोजली, चिंध्या बघितल्या. "हा बटाटा विमानातून आलेला आहे."

"असेल. बटाट्याला मी कागदपत्रं विचारत नाही."

"कोणाची आहेत ही भांडी?"

"माझी."

"सात?"

"खादाड आहे मी."

मी टोपलीशेजारी उभी होते. नेमकी तेव्हाच रोझविथा जागी होऊन कुरकुरायला लागली. वुल्कोने टोपलीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या बुटांना रस्ता ओलांडताना लागलेला बर्फ पाहिला. मग म्हणाला, "कोळसा इस्त्रीसाठी दिलेला आहे. उद्यापासून या शेगडीवर परक्याचं एकही भांडं दिसता कामा नये. मी स्वतः बघायला येईन. दिसलं, तर एक तारखेची चिठ्ठी विसरा."

तो गेल्यावर मी टोपली उचलली. म्हटलं, "मावशी, मी उद्यापासून हिला आणत नाही. तुझी चिठ्ठी गेली तर धंदा गेला आणि धंदा गेला तर तू काय खाशील?"

"टोपली खाली ठेव. वारा लागेल तिला." मग तिने इस्त्री उचलली. उशीचे सहा अभ्रे संपवले. सातवा हातात घेऊन म्हणाली, "तो काय म्हणाला? परक्याचं भांडं. माणसांबद्दल काही बोलला का?"

"नाही."

"मग जा, सगळ्यांना सांग. उद्या भांडी घरी ठेवा. फक्त भुकटी आणा, ताटली आणा आणि चमचा आणा."

मंगळवारी आम्ही गेलो तर शेगडीवर कपडे उकळायचा तिचा तांब्याचा मोठा हंडा चढलेला. नखाएवढाही डाग राहू नये असा घासलेला. सातही घरांची भुकटी तिने त्यात ओतली, वाळवलेला कांदा, गाजर, असेल नसेल ते टाकलं आणि कपडे ढवळायच्या काठीने ढवळायला लागली.

कोझांकेबाईंनी आत डोकावून पाहिलं. "अगं बाई! यात गेली वीस वर्षं अख्ख्या गल्लीच्या चड्ड्या उकळल्यात!"

"मग चवीला कमी पडणार नाही. बस."

इस्त्रीच्या लांब टेबलावरचं कांबळं गुंडाळून आम्ही सगळ्या जणी त्याभोवती बसलो. तोवर जिन्यात भेटलो की मान हलवणाऱ्या बायका आम्ही. त्या दिवशी एकमेकींच्या कोपराला कोपर लावून जेवलो. कोझांकेबाईंनी तीनदा वाढून घेतलं आणि तिन्ही वेळा नावं ठेवली.

गुरुवारी वुल्को आला. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकला.

"हे काय आहे?"

"पाहुणे," मेटामावशी म्हणाली. "माझा वाढदिवस आहे."

"शेजारी म्हणतात, परवाही जेवणावळ होती."

"या वयात वाढदिवस भराभर येतात, कॉम्रेड."

मला फक्त टोपली दिसत होती. मनात एक तारीख मोजत होते. अजून नऊ दिवस. वुल्को शेगडीपाशी गेला, हंड्यात पाहिलं, हंड्यावर कोरलेलं डुब्रो हे नाव वाचलं. मग टोपलीपाशी आला. रोझविथा जागी होती, त्याच्या कोटाच्या बटणाकडे टक लावून बघत होती. त्याने खिशातून वही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "भांडी, एक. मालकीण, डुब्रो." वही मिटली आणि गेला.

तरी चिठ्ठी येईपर्यंतचे दिवस मी फार भीतीत काढले. कोनराड रोज विचारायचा, "आली का चिठ्ठी?" एक तारखेला सुट्टी, दोन तारखेला रविवार. तीन तारखेला मी धावत रस्ता ओलांडला. मेटामावशीने टेबलाकडे बोट केलं. चिठ्ठी होती. शिक्का होता. कोळशाच्या एका विटेचीही काटछाट नव्हती.

वुल्कोने आपले शर्ट मात्र पुन्हा कधी तिच्याकडे टाकले नाहीत. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेला चांगुलपणा मी कोणाच्या नावावर लिहू नये. पण जानेवारी ते मे, दर महिन्याला शिक्का पडला, एवढं मला ठाऊक आहे. त्याबद्दल मी त्याचीही ऋणी आहे.

त्या हंड्यावर आमची सात घरं जगली. मेटामावशीने हे कोणावर उपकार म्हणून केलं नाही, आणि कोणी आभार मानायला लागलं की ती चिडायची. "दार लाव, ऊब जाते," एवढंच म्हणायची. तिला मूल नव्हतं, नवरा पहिल्या युद्धातून अर्धवट परतून लवकरच गेला होता. या गोष्टी मला कोझांकेबाईंकडून कळल्या. तिने स्वतः कधी सांगितल्या नाहीत.

बारा मेला रस्ते उघडले. दिवे आले, दिवसभर राहिले, लोक खिडक्यांतून एकमेकांना ओरडून सांगत होते. मी घरच्या चुलीवर बटाटे उकडले, खरे, सालासकट. त्यातले चार रुमालात बांधले आणि रोझविथाला आणायला पलीकडे गेले. आज सगळं नीट बोलायचं, असं ठरवून गेले होते. वाक्यं मनात पाठ केली होती, शाळेतल्या मुलांसारखी.

दारातून पाहिलं तर मेटामावशी इस्त्री हातात धरून अगदी निश्चल उभी होती. "शू," ती म्हणाली. "आत येऊ नकोस. बघ."

रोझविथा इस्त्रीच्या टेबलाचा पाय धरून उभी होती. अकरा महिन्यांची, गालांवर लाली. तिने एक हात सोडला. मग दुसराही सोडला आणि शेगडीच्या उजेडात, कशालाही न धरता, डुलत उभी राहिली.

माझी वाक्यं राहून गेली. मी दारातच रडायला लागले.

"रडायचं तर बाहेर फरशीवर जाऊन रड," मेटामावशी म्हणाली. तिने इस्त्री खाली ठेवली. "इथल्या चादरींना आत्ताच इस्त्री झाली आहे."