दाजींनी उघडलेली कॅसेट

आमच्या दाजींच्या हातात यंत्र दिलं आणि जसंच्या तसं परत मिळालं, असं उभ्या जालना जिल्ह्यात कुणाच्या नशिबी आलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे मालक, केदारखेड्याचे. शेती करतात, पण जीव सगळा तारांत. जालन्याला सामान घ्यायला आले की मुक्काम आमच्याकडे. पेन लावायच्या खिशात टेस्टर, आणि चहा होईपर्यंत आमचा रेडिओ उघडलेला. जोडून झाला की दोन-तीन स्क्रू उरायचेच. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "मामी, कंपनीवाले जास्तीचे टाकतेत. वजन भरावं म्हून." टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी अँटेनाला माझी स्टीलची परात बांधली. चित्र स्वच्छ आलं, पण आठ दिवस मी शेजारणीच्या परातीत भाकरी थापल्या. एकदा टीव्हीवरचा गेम भाड्यानं आणला. त्यातली मोटार वळली की दाजी पलंगावर स्वतःच वळायचे. त्या वळणात शेजारी बसलेली नणंद खाली गेली. दाजी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "थांब जरा, घाट हाय." नणंद खालूनच म्हणाली, "उतरलात की सांगा, मंग उठते."

माझी एकच वस्तू त्यांच्यापासून लपवलेली होती. माझ्या भावाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. आईनं जन्मात फोटो काढून घेतला नाही, आणि त्या लग्नानंतर दोन वर्षांत ती गेली. ती उरली होती फक्त त्या कॅसेटमध्ये. जपायची वस्तू ज्वारीच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची, हे तिनंच शिकवलेलं. तशीच मी कॅसेट ठेवली. चार वर्षांनी काढली तर आत ज्वारीचा भुसा, आणि टेपेवर पांढरी बुरशी. नवीन जालन्यातल्या दुकानदारानं पाहून परत दिली. "ताई, हिचं काही होत न्हाई." मी ती फळीवर मागं सारली आणि घरात कुणाला बोलले नाही.

पण दाजींनी ती फळीवर पाहिलीच. "वैनी, उघडू का?"

मोठ्या माणसाला नाही म्हणायची मला सवय नाही. मी एवढंच म्हणाले, "दाजी, तिच्यात माझी आई हाय."

ते उठले. हात धुऊन आले, पांढरं धोतर अंथरलं. पाच स्क्रू निघाले, ते त्यांनी पाच वाट्यांत ठेवले. दोन दिवस कापसानं टेप वितीवितीनं पुसली आणि दुसऱ्या जुन्या कॅसेटच्या डब्यात बसवली. एक तुकडा सडला होता, तो कापावा लागला. कुठला, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणला. चित्र हललं, मग बँडवाले दिसले, मग मांडव. दाजी टीव्हीकडं पाठ करून, यंत्रावर हात ठेवून बसले होते. पंगत सुरू झाली, आणि वरणाची बादली घेऊन आई आली. कॅमेरा दिसताच लाजली आणि डाव्या हातानं पदर पुढं ओढला. ती डाव्या हातानं पदर ओढायची, हे मी विसरून गेले होते.

"वैनी, दिसल्या का?" दाजींनी विचारलं.

"दिसली," मी म्हणाले. तेव्हा कुठं त्यांनी मागं वळून पाहिलं.

कापला गेला होता तो हार घालायचा प्रसंग. नवरी हात उचलते आणि एकदम सगळे जेवतच असतात. भाऊ अजून म्हणतो, "दाजी, माझं लग्न लावलंच न्हाई तुम्ही." दाजी म्हणतात, "बायको तर बराबर नांदून राह्यली ना?"

आता दाजींचे हात थरथरतात. परवा मिक्सर बंद पडला, तर म्हणाले, "वैनी, दुकानात द्या." मी दिला नाही. पाटा-वरवंटा काढलाय, आणि मिक्सर फडक्यानं झाकून ठेवलाय. पुढच्या खेपेला ते उघडतील.