जुनं सामान पिशोरला

आमच्या घरातून जुनी वस्तू कधी भंगारात गेली नाही. ती पिशोरला गेली. कन्नड तालुक्यातलं पिशोर हे माझं सासर. तिथं धाकटे दीर शेती करतात. आम्ही दोघं लग्नानंतर शहरात आलो. हे वाळूजच्या एका कारखान्यात लागले, मी सरकारी कचेरीत, आणि गारखेड्यात घर झालं. त्या घरात जे जे नवं आलं, त्यानं जुन्याला पिशोरला धाडलं. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही गेला, मग रंगीत गेला, मिक्सर गेला, पत्र्याचा कूलर गेला. शहरातल्या कितीतरी घरांचं असंच असतं. गावाला वाटतं शहरातून आलं, शहराला वाटतं सत्कारणी लागलं, आणि दोघांनाही बरं वाटतं.

न्यायला दीर स्वतः यायचे. गावातली कुणाची तरी पिकअप मोंढ्यात माल घेऊन यायची, ती परत जाताना आमच्या दारात थांबायची. पण दीर एक दिवस आधीच येऊन बसलेले असायचे. येताना ज्वारी, अद्रक, मक्याची कणसं, फडक्यात बांधलेली मेथी, जे असेल ते. मी येसरची आमटी करायची. जेवणं झाली की दोघे भाऊ आणि मी राजकारणावर बसायचो. यांचा पक्ष एक, माझा दुसरा, आणि दिरांचा दर निवडणुकीला नवा. आवाज इतके चढायचे की शेजारीण खिडकीतून विचारायची, भांडण झालं का. भांडणच असायचं. सकाळी चहा पिऊन दीर तो टीव्ही गोधडीत गुंडाळून, आजारी माणसाला न्यावं तसा सांभाळत न्यायचे.

खरेदीच्या बाबतीत मी पहिल्यापासून चिकट. हे मात्र दसरा जवळ आला की पेपरातली सेलची पानं वेगळी काढून ठेवायचे. "चालतोय ना अजून?" मी विचारायची. "पिशोरला लागेल की," हे म्हणायचे आणि माझं तोंड बंद. माझं मत असं, की शून्य टक्के व्याज म्हणणारा दुकानदार आणि सगळं फुकट म्हणणारा पुढारी हे सख्खे भाऊ आहेत. दोघेही आज तुमच्या हातावर काहीतरी ठेवतात आणि उद्याचं तुमच्याकडून आजच घेऊन जातात. हे मी यांना मोठ्या आवाजात ऐकवायची. हे म्हणायचे, "तुला अर्थमंत्री करायला पाहिजे." आणि टीव्ही यायचाच.

हे जाऊन दोन वर्षं झाली.

माझं तेव्हा काय गेलं ते सरळ सांगते. माझा विरोधी पक्ष गेला. सकाळी पेपर येतो, मी अग्रलेख वाचते, चिडते, काहीतरी खरमरीत बोलायला मान वर करते, आणि समोर रिकामी खुर्ची. नुसतं मत असून उपयोग नसतो, ते खोडून काढणारं कुणीतरी लागतं. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा लिहिलं, की आपण घरटी बोअर मारला, आपापली मोटर बसवली आणि वर पाण्यावरून कार्पोरेशनला शिव्या देतो. जमिनीतलं पाणी कुणी उपसलं तेही एकदा बोलू या. ॲडमिननं कळवलं, कृपया राजकारण नको. त्याखाली पुष्कळ जणांनी हात जोडले. तेव्हापासून मी तिथं फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाहते.

लेक पुण्याला असते. चांगली आहे, कामात आहे. यायला जमत नाही म्हणून वस्तू पाठवते. तेलाशिवाय तळायचं यंत्र पाठवलं. फरशी आपोआप पुसणारी एक थाळी पाठवली. ती सोफ्याखाली अडकते आणि बाईच्या आवाजात इंग्रजीतून मदत मागते. घरात माझ्याशिवाय बोलणारं तेवढंच. बेल वाजते तीही डिलिव्हरीवाल्याची. "ओटीपी सांगा मॅडम." मी सांगते. "थँक्यू मॅडम." उन्हाळ्यात एकाला पाणी विचारलं तर जिना उतरता उतरता म्हणाला, "टाइम नाही मॅडम, लेट झालं की पैसे कटतात." त्याचंही खरं आहे. अर्थव्यवस्था जोरात धावते आहे असं पेपरात रोज येतं. माझ्या दारावरून तरी ती पाण्याचा घोटही न घेता धावते.

यंदा दिवाळीला लेकीनं फ्रिज पाठवायचं ठरवलं. माझा जुना फ्रिज उत्तम चालत होता. मी फोनवर भांडले.

"आई, तो किती वीज खातो माहितीये का? हा पाच स्टारचा आहे. पर्यावरण पर्यावरण तूच करत असतेस ना?"

"अगं, चालता फ्रिज काढून नवा बनवायचा म्हणजे लोखंड लागलं, प्लास्टिक लागलं, वीज लागली. त्याचे स्टार कोण मोजतं? जो फ्रिज बनवावाच लागला नाही तो सगळ्यात चांगला."

"आई, माझी मीटिंग सुरू झाली," लेक म्हणाली. यांच्यासारखं "तुला अर्थमंत्री करायला पाहिजे" तरी म्हणायचं.

फ्रिज आला. दार उघडलं तर आत लग्नाच्या हॉलसारखा उजेड आणि तेवढीच जागा. मी त्यात दह्याची वाटी, दोन टोमॅटो आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली ठेवली. पण भिंतीपासून ओढून काढलेल्या जुन्या फ्रिजकडं पाहिलं आणि माझा राग एकदम निवळला. म्हटलं, चला, पिशोरला फोन करायचा. हे गेल्यावर दीर येऊन गेले ते तेराव्याला आणि वर्षश्राद्धाला, तेही पाहुण्यांच्या गर्दीत. आता निवांत येतील, मुक्काम करतील, कुणाचं सरकार कसं नालायक आहे ते सांगतील. खाण्याच्या सोड्यानं मी तो फ्रिज आतून बाहेरून घासला. दाराच्या रबरातला काळपटपणा जुन्या टूथब्रशनं काढला. डाळी-धणे भाजून गिरणीतून ताजं येसर दळून आणलं. इतक्या उत्साहानं मी यांच्या पश्चात काही केल्याचं आठवत नाही.

फोन जावेनं घेतला.

"फ्रिज व्हय? आमी घेतला ना बाई पोळ्याच्या आधीच, दोन दाराचा. अद्रकीला भाव लागला होता, मंग पोरानं आणला."

"तुमच्या गड्याला होईल मग."

"त्याच्याकडं बी हाय. तुमाला अडचण होत असंल तर भंगारवाल्याला देऊन टाका. उगं कशाला घरात ठेवता."

ती खरोखर माझी अडचण दूर करत होती. तिचा काही दोष नाही. मी इकडच्या तिकडच्या चौकशा केल्या आणि फोन ठेवला. मग बराच वेळ त्या घासून लख्ख केलेल्या फ्रिजसमोर बसून राहिले.

शेवटी मीच पिशोरला गेले. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं तेव्हा मी यांच्याशी कडाक्याचं भांडले होते, की ही मतांची खरेदी आहे, महामंडळ बुडवतील. आता त्याच अर्ध्या तिकिटावर खिडकीची जागा धरली. कंडक्टरला सुटे दिले, तिकीट पर्समध्ये ठेवलं आणि मत तोंडात ठेवलं.

पिशोरला सगळं छान चाललं होतं. मला बोचलं ते हेच. शेतात सोलर पंप बसला होता. ती योजना आली तेव्हा मी दिरांना म्हणाले होते, बोलाचीच कढी आहे, अर्ज करून चपला झिजतील. चपला झिजल्या, पण पंप आला. पाट्या उन्हाकडं तोंड करून उभ्या होत्या आणि भर दुपारी ठिबकमधून अद्रकीला पाणी चाललं होतं. रात्रीच्या लाईटपायी जन्मभर साप-विंचवात उभं राहून पाणी भरलेला माणूस आता दिवसा पाणी भरतो आणि रात्री घरी झोपतो. यापेक्षा चांगलं राजकारण मी तरी पाहिलेलं नाही. आपण चुकलो याचा मला आनंद झाला आणि तो दिरांना बोलून दाखवायचा होता. पण अद्रकीचा प्लॉट पाहायला व्यापारी आला होता. दीर त्याच्यासोबत बांधाबांधानं फिरत राहिले.

घरात जावेनं चहा नव्या सेटच्या कपात दिला, खाली बशी, बशीत दोन बिस्किटं. पूर्वी मी तिच्या चुलीपाशी पाटावर बसून कान तुटलेल्या कपातून प्यायची आणि पिताना मेथी निवडायची. आता मी भांडी विसळायला उठले तर म्हणाली, "बसा ना बाई, तुमी कशाला?" पुढच्या सोप्यात पंखा लावून मला एकटीला बसवलं. मी या घरची थोरली सून, आणि पाहुणी झाले होते.

हात ओला तर मैत्र भला, असं म्हणतात. पण तिथं मतलबी कुणीच नव्हतं. कुणाला माझ्याकडून काही लागत नव्हतं, एवढंच. आणि ज्याच्याकडून काही लागत नाही त्याच्याकडं जायला निमित्त राहत नाही. हे मला सोप्यात बसल्या बसल्या कळलं. गोठ्यात आमचा पत्र्याचा कूलर दिसला, त्यात पेंढा घालून अंड्यांवर कोंबडी बसवलेली होती. तिला पाहून जरा बरं वाटलं.

संध्याकाळी पुतण्यानं मोटरसायकलवरून स्टँडवर सोडलं. "परत या मोठी आई," म्हणाला. मी काही बोलणार तोवर त्याचा फोन वाजला आणि तो गाडी वळवून बोलत बोलतच गेला.

परत आल्यावर भंगारवाल्याला हाक मारली. फ्रिज चालू आहे हे कळावं म्हणून मी प्लग लावून आतला दिवा दाखवला. तो हसला. "चलता सो भी भंगारमेंच आता आजकल, अम्मा," म्हणाला. त्यानं आणि त्याच्या भावानं फ्रिज आडवा केला, दार दोरीनं बांधलं आणि जिन्यावरून उतरवला. हातगाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी गॅलरीत उभी होते. मग आत येऊन रडले. फ्रिजसाठी कुणी रडत नाही, हे मला समजत होतं. मला फार एकटं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात दुपारी दिरांचा फोन आला. मी भीतभीतच उचलला. त्यांचा स्वतःहून फोन म्हणजे कुणाचं काही बरंवाईट झालं की काय.

"वहिनी, घरावर बी सोलर बसवलं बगा," दीर म्हणाले. "त्याच्यासंगं नवीन बॅटरी आली, लई मोठी. आता जुनं इन्व्हर्टर पडून हाय. चांगलं चालू हाय, टाकू वाटत नाय. तुमच्याकडं लाईट जाती का?"

आमच्या गल्लीत लाईट क्वचित जाते, आणि गेलीच तर चहा उकळायच्या आत परत येते. इन्व्हर्टर म्हणजे भली जड बॅटरी, तिला अधूनमधून पाणी घाला, भिंतीला भोकं पाडा, कोपरा अडवा. लागत नाही ती वस्तू घरात आणू नये, हे मी जन्मभर सगळ्यांना सुनावत आले. नवऱ्याला, लेकीला, कुणी ऐकलं असतं तर कॉलनीलाही. त्यात आता पिशोरचं जुनं सामान गारखेड्याला यायला निघालं होतं. एखादीला अपमान वाटला असता. मला मात्र एवढंच दिसत होतं, की ते धूड कुरिअरनं येणार नाही. ते घेऊन माणसाला यावं लागेल. वायरी ओढाव्या लागतील, बटणं जोडावी लागतील, आणि दीर काम सावकाश करतात. एका दिवसात व्हायचं नाही.

"जाते की," मी म्हणाले. "रोज जाते. तासतास येत नाही."

"रोज?" दिरांचा आवाज एकदम खाली आला. "आन तुमी एकट्याच अंधारात बसता व्हय? आधी नाय का सांगायचं, वहिनी?"

"तुम्ही विचारलंच कुठं, भाऊजी," मी म्हणाले.