निवृत्त बडेबाबू रोज हजर

माझा स्वभाव तापट, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक. म्हणून नांदेडच्या मुख्य कार्यालयात बसून मी आमच्या सगळ्या कॉलेजांसाठी एकच डिरेक्टरी उभी करायला घेतली, तेव्हा कुणी फार तोंड उघडलं नाही. डिरेक्टरी म्हणजे सर्व्हरवरची माणसांची यादी. संगणकावर कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला कोणतं काम उघडायचं, ते ती ठरवते. कोणत्या हुद्द्याला काय दिसेल, याचा तक्ता मी दोन महिने खपून केला होता. शिपायांच्या रकान्यात सरळ फुली मारली होती. त्यांना कशाला हवं खातं?

मग जुनी खाती तपासताना चाकूरच्या कॉलेजात भूतच सापडलं. तिथल्या बडेबाबूंना, म्हणजे मुख्य कारकुनांना, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, आणि त्यांच्या नावानं रोज सकाळी दहाला कुणीतरी आत शिरून प्रवेशाचे अर्ज भरत होतं. माझं डोकंच फिरलं. खातं तिथल्या तिथं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी चोर पकडायला एसटीत बसले.

पोचले तर कार्यालयाच्या खिडकीबाहेर पोरींची ही लांब रांग! आत संगणकासमोर तिथल्या शिपाई मावशी घामाघूम होऊन बसलेल्या.

"कालधरनं उघडतच न्हाई ओ मॅडम," त्या म्हणाल्या.

"हे काम तुम्ही करता?"

"हाव. बडेबाबूंनीच शिकवलं. ते गेले, जागा काही भरली न्हाई, मग मीच करून राहिले." आणि एकदम आवाज खाली आला. "मॅडम, नोकरी जाईल का हो माझी?"

माझ्या नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या नावानं आत शिरणाऱ्यावर कारवाईच होती. मी फाईल ओढली आणि अर्ज तपासत बसले. एक चूक सापडेल तर शपथ! इतकं नीटनेटकं काम मुख्य कार्यालयातही होत नाही. अस्सा राग आला मला, पण माझा मलाच.

तरातरा प्राचार्यांकडे गेले. "सर, प्रवेशाचं काम मावशींकडे आहे, असं लिहून द्या."

"अहो, शिपायाला लेखी कसं द्यायचं? वरून कुणी विचारलं तर?"

"मग चला, रांगेतले अर्ज तुम्ही भरा."

त्यांनी खिडकीतून रांग पाहिली आणि पेन काढलं.

पत्र हातात घेऊन मी तक्ताच मोडला. हुद्द्यांचे रकाने काढले, कामांचे केले; जो जे काम करतो, त्याला ते उघडेल. बाहेर येऊन मावशींना म्हटलं, "नोकरी कुठं जात नाही. बसा, तुमचं खातं करू." मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि आपलं पूर्ण नाव एकेक अक्षर बघून टाईप केलं. पासवर्डाची वेळ आली तशी मी पाठ फिरवली. काय सांगू, मला नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात प्राचार्य सवयीनं खुर्चीमागून डोकावले. "काय ठेवला पासवर्ड? मलाही सांगून ठेवा."

मावशींनी दोन्ही हातांनी कीबोर्ड झाकला. "न्हाई सर. तुमाला तुमचं खातं हाय की."

खिडकीतल्या पोरी फिसकन हसल्या, मीही हसले. प्राचार्य हसावं की रागवावं या विचारात तसेच उभे. मावशी केव्हाच खिडकीकडे वळल्या होत्या.

"हां, पुढची कोण? ये बाई."