आधी झाडू, मग झारी

डांबरमामाला खऱ्या नावानं हाक मारणारी एकच व्यक्ती उरली होती, त्याची थोरली बहीण, आणि तीही रागावली तरच. बाकी सगळ्यांचा तो डांबरमामा. उभा जन्म रस्त्यावर गेलेला. पिंपाखाली जाळ घालायचा, डांबर पातळ झालं की झारीत भरायचं आणि खडीवर हात न थांबवता ओतत जायचं. त्याच्या झारीखालून गेलेला रस्ता सहसा उखडत नसे. कारण एकच, आणि ते तो नव्या गड्यांना पहिल्याच दिवशी ऐकवायचा: धुळीवर डांबर धरत नाही. आधी झाडू, मग झारी. कुणी झाडायचा कंटाळा केला की मामा शिव्या घालत स्वतःच झाडू हातात घ्यायचा.

रस्त्यापुरतं हे ठीक होतं. पण या बाबानं तोच नियम देवालाही लावला, आणि तिथंच घोडं अडलं.

झालं होतं असं. बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा हा पिऊन पिंपाशेजारी आडवा. निरोप घेऊन आलेल्या माणसानं गदागदा हलवलं, तरी उठला नाही. शुद्धीवर आला तेव्हा सगळं संपलं होतं. ताईनं बोल लावला नाही. पुढच्या रविवारी हाताला धरून त्याला चर्चमध्ये नेलं, एवढंच. तेव्हापासून मामा दर रविवारी जायचा, पण बसायचा दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, कुणी ऊठ म्हणालं तर पटकन सटकता यावं असा. पुढं ये, बाप्तिस्मा घे, म्हणून ताईनं जीभ झिजवली. पालथ्या घड्यावर पाणी. आधी दारू पुरती सुटू दे, मग येतो, हे त्याचं ठरलेलं उत्तर. दारू सुटायचीही, महिनोन्महिने सुटायची, आणि मग एखाद्या संध्याकाळी ये रे माझ्या मागल्या. की मामा पुन्हा पहिल्यापासून झाडायला लागायचा.

आता गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळचं ऐका. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी पाळकसाहेब मंडळीतल्या बाराजणांचे पाय धुतात. आणि खरं सांगू का, हे बाराजण घरूनच पाय घासूनपुसून येतात. टाचा दगडानं घासतात, नखं कापतात, कुणी तर पावडरही लावतं. पाळकसाहेबांना मळ दिसायला नको ना! मग ते बिचारे धुतलेलेच पाय धुतात, घंगाळातलं पाणी होतं तसं निवळ राहतं, आणि सगळे समाधानानं घरी जातात.

त्या वर्षी मामाच्या टोळीचं काम चर्चच्याच गल्लीत चाललं होतं. त्याचे दोन्ही गमबूट फाटले होते आणि आत निवत आलेलं डांबर गेलं होतं. घरी जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. ताईला यायचा शब्द दिला होता, म्हणून तो अनवाणीच आत आला आणि आपल्या बाकावर पाय आत ओढून बसला. ताई त्या बाराजणांत होती. पण बारावी खुर्ची रिकामीच राहिली, कारण पोस्टातल्या काकांची कंबर धरली होती. पाळकसाहेबांनी सगळीकडे नजर फिरवली आणि थेट शेवटच्या बाकाकडे बोट केलं.

मामाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तो नाही नाही म्हणत होता, पण शेजारच्यांनी उठवलंच. खुर्चीपर्यंत पांढऱ्या फरशीवर काळे ठसे उमटत गेले. पाळकसाहेब म्हातारे, गुडघे कुरकुरणारे, कसेबसे खाली बसले. मामानं पाय मागे घेतला.

"साहेब, आज नको," तो हळूच म्हणाला. "परवाच पुन्हा प्यालोय मी."

"म्हणजे बरोबर दिवशी आलास," म्हणत पाळकसाहेबांनी त्याचा पाय ओढून घेतला.

पाण्यानं डांबर निघतंय होय? साबण झाला, टॉवेलनं खसाखसा पुसून झालं, उलट टॉवेलच काळा झाला. पेटीवाल्यानं तेच गाणं पुन्हा धरलं. लोक चुळबुळू लागले. शेवटी ताई उठली, मागच्या स्वयंपाकघरातून तेलाची बाटली घेऊन आली आणि भावाच्या पायाशी मांडी घालून बसली. एक पाय पाळकसाहेबांकडे, एक ताईकडे. मामा खाली मान घालून तोच पाठ पुटपुटत होता: जरा सुधारलो असतो, स्वच्छ होऊन आलो असतो, धुळीवर काही धरत नाही साहेब.

पाळकसाहेब अंगठ्याच्या बेचक्यातलं डांबर खरवडत होते. त्यांना घाम फुटला होता. त्यांनी वर पाहिलं.

"धरत नाही म्हणतोस? मग हे तुझ्या पायाला कुणी झाडून लावलं होतं रे?"

आधी ताई हसली, मग पुढचे बाक हसले, मग सगळं चर्च. मामाही हसला, आणि हसता हसताच त्याला रडू कोसळलं. बायको गेली तेव्हा लोकांसमोर न रडलेला माणूस भर मंडळीत ओक्साबोक्शी रडला.

"देवाची प्रीती अशीच आहे," पाळकसाहेब हलक्या आवाजात म्हणाले. "आधी धरते. झाडलोट मागाहून."

त्या ईस्टरला मामाचा बाप्तिस्मा झाला. दारू त्याच दिवशी सुटली असं सांगितलं तर ते धादांत खोटं होईल. त्यानंतरही एकदा घसरला. पण त्या रविवारी तो शेवटच्या बाकाकडे वळला नाही. पुढं ताईशेजारी जाऊन बसला, रडला, आणि बसून राहिला. हळूहळू दारूही सुटली. कुणी कौतुक केलं की तो कानाला हात लावतो, हे आपलं कर्तृत्व नव्हे म्हणतो, आणि डोळे पुसतो. आजकाल मामाचे डोळे फार लवकर भरून येतात, आणि त्याला त्याची लाजही वाटत नाही.

त्या खुर्चीखालच्या फरशीवरचा डाग मात्र गेला नाही. झाडणाऱ्या बाईनं सगळे उपाय केले, शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, राहू दे. दाराजवळच्या बाकावर कुणी नवखा अंग चोरून बसलेला दिसला की मामा आपली जागा सोडून त्याच्याकडे जातो, दंडाला धरून त्याला त्या डागापाशी आणतो.

"हा माझा," तो सांगतो. "असेच आणले होते पाय. चल, बस पुढं."